आम्हांला विचारले कोणी?

दिवाळीच्या अंकात मास्तराने भांडणाचा विषय काढावा, हे काही वाचकांना रुचणार नाही. फराळाचे ताट पुढे आहे, मुले फुलबाज्या मागत आहेत, आणि हा गृहस्थ मोर्चे आणि निविदा यांच्या गोष्टी सांगत बसला आहे! परंतु दिवाळी हा घराचा सण आहे. घर सारवायचे, रंगवायचे, उंबऱ्यावर रांगोळी घालायची आणि दोन पणत्या ठेवायच्या, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. मग ज्याला पुढच्या दिवाळीला आपला उंबरा कोठे असेल हेच ठाऊक नाही, त्याच्याविषयी चार शब्द याच अंकात बोलायचे नाहीत तर कोठे बोलायचे?

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईला धारावीत राहतो. नागभीडच्या स्टेशनावरून नॅरोगेजची छोटी गाडी अजून नागपूरला जात होती, त्या दिवसांत, २०१२ साली, तो गाव सोडून गेला. घरी दोन एकरांची बांधी आणि खाणारी सात तोंडे. दुसरे काय करणार? तेथे तो चामड्याच्या पिशव्या शिवतो. खाली कारखाना आणि शिडीने वर गेले की दहा बाय दहाची खोली. ‘गुरुजी, मशीन बंद केली की चौथ्या पायरीवर माझं घर लागते,’ असे तो मला मोठ्या अभिमानाने सांगत असे. गेल्या वर्षी होळीला आला तेव्हा तो अभिमान उतरलेला दिसला. म्हणाला, ‘गुरुजी, आमची वस्ती नवी होणार हाय. पण मी माळ्यावर राहतो आणि उशिरा आलो. मले बाहेर जाऊन भाड्यानं राहा लागंल म्हणतात.’ मी विचारले, ‘कोण म्हणतात? तुम्हांला बोलावून विचारलं का कोणी?’ तो हसला. ‘विचारते कोण, गुरुजी? सांगून राहिले.’

त्याला कोणी त्रास दिला, कोणी अपशब्द बोलले, अशी त्याची तक्रार नाही. नियमच तसा आहे. आणि माझे भांडण नेमके त्या नियमाशी आहे.

धारावी ही आज मुंबईच्या मध्यभागी आहे. पण ती मध्यभागी जाऊन बसलेली नाही. मुळात तेथे खाडी, दलदल आणि कोळ्यांचा वाडा होता. शहराला चामडे कमावण्याचा वास नको होता, म्हणून एकोणिसाव्या शतकात तो धंदा शहराच्या कडेला, या दलदलीत ढकलला गेला. तमिळ मुलखातून कातडे कमावणारे आले, सौराष्ट्रातून कुंभार आले, कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तर हिंदुस्थानातून माणसे आली. त्यांनी चिखलात भर घातली, त्यावर खोल्या उभ्या केल्या आणि सुमारे अडीचशे हेक्टरांच्या जागेत शहराला लागेल ते सगळे करून देऊ लागले: मडके, पापड, पिशवी, शिवलेला सदरा, वितळवलेले प्लॅस्टिक. पुढे शहर वाढत वाढत त्यांच्या अंगणापर्यंत आले; शेजारी वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. जी दलदल फुकट दिली तरी कोणी घेतली नसती, तिचे सोने झाले. आणि सोने झाल्याबरोबर सर्वांना आठवण झाली, की अरे, येथे तर माणसे फार वाईट अवस्थेत राहतात!

वाईट अवस्थेत राहतात हे खरेच आहे. मी आंधळा नाही. सार्वजनिक संडासापुढची रांग, गल्लीतून वाहणारे गटार, सूर्य न दिसणाऱ्या खोल्या, यांत रम्य असे काही नाही. गरिबीचे गोडवे गाणाऱ्या लेखकांच्या पंक्तीला मला बसायचे नाही. पुनर्विकास हवाच आहे. मोर्चात चालणाऱ्या बहुतेक माणसांनाही तो हवा आहे. प्रश्न इतकाच, की तो कोणाला विचारून करायचा?

आता याचा इतिहास थोडक्यात पाहू. राज्य सरकारने धारावीच्या पुनर्विकासाची योजना २००४ साली मंजूर केली. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सर्वसाधारण योजनेत तेव्हा ७० टक्के रहिवाशांची संमती लागत असे. पुढे हे प्रमाण ५१ टक्क्यांवर आणले गेले. धारावीला मात्र खास प्रकल्प ठरवून ती अटच बाजूला ठेवण्यात आली. म्हणजे ज्या योजनेत सर्वांत जास्त माणसे हलणार, तिच्यातच माणसांना विचारण्याची गरज उरली नाही! जून २००७ मध्ये सरकारने जगभरच्या बांधकाम कंपन्यांसाठी जाहिरात दिली आणि त्याच महिन्यात धारावीचे हजारो लोक काळे झेंडे घेऊन म्हाडाच्या कचेरीकडे चालत गेले. त्या चळवळीत जॉकिन अर्पुथम हे एक प्रमुख नाव होते. हा माणूस स्वतः झोपडपट्टीत राहिलेला. १९७६ साली, आणीबाणीत, ट्रॉम्ब्याजवळची त्याची जनता कॉलनी अणुसंशोधन केंद्राच्या विस्तारासाठी उठवली गेली होती. २००० साली त्याला मॅगसेसे पारितोषिक मिळाले आणि २०१८ साली तो गेला. विद्यापीठाने न शिकवलेले एक साधे काम त्याने लोकांना शिकवले: आपली वस्ती आपणच मोजायची, आपली यादी आपणच करायची.

या मोर्च्यांनी काय मिळवले, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी एक आकडा सांगतो. आरंभी एका कुटुंबाला २२५ चौरस फूट देऊ केले होते. पुढे ते ३०० झाले; पुढे ३५०. हा वाढीव सव्वाशे चौरस फूट कोणाच्या दयेने आला नाही. तो उन्हातान्हात चाललेल्या बायाबापड्यांच्या पायांनी आला. सव्वाशे चौरस फूट म्हणजे काय, हे ज्याच्या घरी अभ्यास करणाऱ्या मुलीला वेगळी खोली नाही त्याला विचारावे.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, या आंदोलनांमुळेच सगळे खोळंबते. लोक अडून बसतात म्हणून वीस वर्षे एक वीट हलली नाही.’ हा आक्षेप मोठ्या तोंडाने घेतला जातो, म्हणून त्याचा हिशेब करणे भाग आहे. पहिल्या निविदा वर्षानुवर्षे रेंगाळून बारगळल्या. २०१६ साली पुन्हा मागवल्या, तेव्हा घेणारे पुढे आले नाहीत. २०१८ साली पुन्हा मागवल्या. दुबईच्या सेकलिंक कंपनीने ७,२०० कोटींची बोली लावली. २०२० साली ती निविदा सरकारनेच रद्द केली. २०२२ साली अटी बदलून पुन्हा निविदा निघाली आणि अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली मान्य झाली. सेकलिंक न्यायालयात गेली. तिचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळला. आता मला सांगा, या सगळ्या घोळात मडके घडवणारा कुंभार कोठे आला? पिशवी शिवणारा माझा विद्यार्थी कोठे आला? वीस वर्षे साहेबांनी, सल्लागारांनी, कंपन्यांनी आणि वकिलांनी घालवली; आणि उशिराचे खापर फुटते ते काळा झेंडा धरणाऱ्या म्हातारीच्या डोक्यावर!

नव्या योजनेत अदानी समूहाचा वाटा ८० टक्के आणि राज्य सरकारचा २० टक्के आहे. तिचा नियम असा: १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्याला धारावीतच फुकट घर. २००० नंतर पण २०११ पूर्वी आलेल्याला धारावीबाहेर, पैसे भरून. त्यानंतर आलेल्याला आणि कोणत्याही साली आलेल्या माळ्यावरच्या माणसाला धारावीबाहेर, भाड्याने, हप्त्याहप्त्याने विकत घेण्याच्या बोलीवर. या माणसांसाठी मुलुंडच्या मिठागराची, देवनारच्या कचरा-डेपोची जमीन दाखवली गेली आहे. मुलुंडचे रहिवासी म्हणतात, आमच्याकडे नकोत. म्हणजे ज्यांच्या हातांवर शहर चालते ती माणसे येथेही नकोत आणि तेथेही नकोत!

नियम करणाऱ्याने येथे एक मोठी चूक केली आहे. त्याने घर मोजले, पण पोट मोजले नाही. धारावीत घर आणि काम एका भिंतीच्या दोन बाजू आहेत. पुष्कळदा भिंतही नसते. तेथला माणूस चौथ्या पायरीवर राहतो म्हणूनच दिवसाला चार पिशव्या जास्त शिवू शकतो. त्याला देवनारला नेऊन स्वच्छ खोलीत ठेवले आणि रोज बस, लोकल आणि दोन तास त्याच्या माथी मारले, तर त्याचे घर सुधारले आणि चूल विझली. १९८१ साली मुंबईच्या पदपथावरच्या माणसांना सरकार हुसकून लावू लागले, तेव्हा ओल्गा टेलिस या पत्रकार बाईंनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. १९८५ साली न्यायालयाने सांगितले, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. त्या माणसांना जागा राखता आली नाही हे खरे. परंतु तत्त्व सांगून झाले होते. चाळीस वर्षांनंतरही ते तत्त्व मोजणीच्या तक्त्यात उतरलेले नाही.

आणि ही चूक नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीमुळे रोग पसरतो म्हणून १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हेतू चांगला होता. पण पहिल्या वीस वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या बांधल्या त्यांहून जास्त पाडल्या. उठवलेला गरीब हवेत विरून जात नाही. तो पलीकडच्या गल्लीत जाऊन तिला आणखी दाट करतो. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा धडा आम्ही शाळेत शिकवत नाही, म्हणून मोठेपणी तो पुन्हा गिरवावा लागतो.

विचारून केले तर होत नाही, असेही नाही. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी पाहा. ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याने १९२०च्या दशकात बांधलेल्या त्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत गिरणी कामगारांच्या तीन पिढ्या वाढल्या. पुनर्विकासाची गोष्ट निघाली तेव्हा तेथेही रहिवाशांनी आधी विरोध केला; लेखी करारनामा हाती आल्याखेरीज खोल्या सोडणार नाही म्हणाले. तेथेही वर्षे गेली. पण काम म्हाडाने हाती घेतले, घर ५०० चौरस फुटांचे ठरले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागी किल्ल्या मिळाल्या. त्यांच्या भांडणाने शहर बुडाले का? उलट, भांडले म्हणूनच घर पदरात पडले. मग धारावीच्या माणसाने ‘आम्हांलाही पाचशे फूट द्या’ म्हटले, तर तो हावरट कसा ठरतो?

सातासमुद्रापलीकडेही हेच झाले आहे. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट मोझेस नावाचा बडा अधिकारी जुन्या वस्त्यांतून हमरस्ते काढत सुटला होता. जेन जेकब्स नावाची एक बाई, पदवी नसलेली, मुलेबाळे असलेली, शेजारणींना गोळा करून त्याच्यापुढे उभी राहिली. तिच्या वस्तीच्या उद्यानातून जाणारा रस्ता थांबला. खालच्या मॅनहॅटनमधून जाणारा दुसरा मोठा हमरस्ताही कधी झाला नाही. १९६१ साली तिने शहरांवर लिहिलेले पुस्तक आज जगभरचे नगररचनाकार वाचतात. माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराला यात मोठा धीर वाटतो. आपली गल्ली कशी चालते हे गल्लीतल्या माणसाला कळते, आणि ते कळायला पदवी लागत नाही.

‘पण नागभीडच्या माणसाला मुंबईची एवढी काळजी कशाला?’ हा प्रश्न माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने मला विचारला होता. त्याचे उत्तर देतो, आणि ते देताना आमच्या झाडीपट्टीकडे वळतो.

आमच्याकडे ‘विचारणे’ ही गोष्ट नवी नाही. १९८४ च्या सुमारास इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम ही धरणे व्हायची होती. गडचिरोलीच्या जंगलातली गावे पाण्याखाली जाणार होती. आदिवासी उठले, बाबा आमटे त्यांच्या बाजूला उभे राहिले, ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन झाले आणि ती धरणे बाजूला ठेवावी लागली. त्याच काळात धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे गोंडांचे गाव सर्वांनी एकत्र बसून, एकमताने निर्णय घ्यायला शिकले. २००६ साली वनहक्क कायदा झाला आणि २००९ साली त्या गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. ओडिशात नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, आधी ग्रामसभांना विचारा. २०१३ साली बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटले आणि खाण झाली नाही.

म्हणजे पाहा, जंगलातल्या पन्नास-शंभर उंबरठ्यांच्या पाड्याला देशाचा कायदा विचारतो, ‘बाबांनो, तुमचे म्हणणे काय?’ आणि मुंबईच्या मध्यभागी सहा लाख म्हणा, दहा लाख म्हणा, कारण अंदाज एकमेकांशी जुळतच नाहीत, एवढ्या माणसांना असे विचारणारे कोणी नाही. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्याच्या पुस्तकात आहे. पण ती भरलेली मी तरी पाहिलेली नाही. वाचकांपैकी कोणी आपल्या प्रभागात पाहिली असेल, तर तो भाग्यवान!

आता आमचे घोडे कोठे अडते ते सांगतो. नागभीडला पूर्वी ग्रामपंचायत होती. आता नगरपरिषद आहे. नगरपरिषद झाली तेव्हा आम्ही आनंद मानला. पण त्या दिवशी आमची ग्रामसभा गेली, हे किती जणांच्या ध्यानात आले? कशीही असो, रडतखडत भरत असो, त्या सभेत उभे राहून ‘हे आम्हांला मान्य नाही’ असे म्हणण्याचा आणि ते लिहून घ्यायला लावण्याचा हक्क होता. नागपूरची छोटी रेल्वे २०१९ साली बंद झाली आणि रुळांचे रुंदीकरण हाती घेतले गेले. मोठी गाडी येते तेथे मोठा रस्ता येतो, मोठा रस्ता येतो तेथे जागेचा भाव येतो, आणि भाव आला की कोणाची तरी टपरी, कोणाचे तरी मातीचे घर विकासाच्या आड येते. माझ्या विद्यार्थ्याला जे मुंबईत ऐकावे लागले, ते त्याच्या बापाला येथे ऐकावे लागणार नाही, याची हमी कोण देतो? गाव शहर झाले, की माणसाचे तोंड बंद व्हावे, हा कोणता न्याय?

आणि आमचे हातही अगदी स्वच्छ नाहीत. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्याचे पाणी कालव्याने आमच्या बाजूला येते आणि आम्ही धान पिकवतो. त्या पाण्यासाठी वैनगंगेच्या काठची गावेच्या गावे उठली. तेथली माणसे वर्षानुवर्षे पुनर्वसनासाठी आंदोलने करीत राहिली. आमच्यापैकी किती जण त्यांच्या बाजूला जाऊन बसले? मी बसलो नाही. हे मी येथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्याला जाब विचारणाऱ्याने आपला जाब आधी द्यावा.

चळवळींनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. डिसेंबर २०२३ मध्ये धारावीहून अदानींच्या कार्यालयाकडे उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखाली मोठा मोर्चा गेला. मोर्चा गेला हे ठीकच झाले. परंतु गेल्या वीस वर्षांत आलटून पालटून सत्तेवर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक पक्षाने, खुर्चीत असताना निविदा काढल्या आणि खुर्ची गेल्यावर झेंडे काढले. लोकांनी झेंडा कोणाचा ते पाहू नये. आपली यादी, आपला नकाशा आणि आपली मागणी स्वतःच्या हाती ठेवावी. पुढारी येतील आणि जातील. रेशनकार्ड मात्र आपल्यालाच जपायचे असते.

मग हवे तरी काय? फार नाही. वस्तीची सभा भरावी आणि तिची संमती लेखी असावी. मोजणीची यादी सर्वांना वाचता येईल अशी लावावी आणि तीत माळ्यावरचा माणूसही माणूस म्हणून धरावा. घराबरोबर काम मोजावे. आणि नवे घर हाती आल्याखेरीज जुने मोडू नये. यात क्रांतीची भाषा कोठे आहे? आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत अडाणी म्हणवला जाणारा शेतकरीही बांधीत चिखल तयार झाल्याखेरीज पऱ्हे उपटत नाही. उपटलेले पऱ्हे धुऱ्यावर पडून राहिले, तर ते पिवळे पडते, हे त्याला ठाऊक असते. धानाच्या रोपाला आपण जेवढी काळजी दाखवतो, तेवढी माणसाला दाखवा, एवढेच मागणे आहे.

दसऱ्याला त्या विद्यार्थ्याचा फोन आला होता. यंदा दिवाळीला गावी येणार नाही म्हणाला. कारण विचारले, तर म्हणाला, ‘गुरुजी, घर सोडून आलो आणि मागं मोजणारे आले तर? दाराशी कोणी तरी पाहिजे.’ तो आणि त्याची बायको शिडीच्या चौथ्या पायरीवर पणती लावणार आहेत. आपापल्या उंबऱ्यावर पणती ठेवताना वाचकांनी त्या पायरीची आठवण ठेवावी. आणि उद्या आपल्या गावात, आपल्या प्रभागात कोणाचे घर हलवण्याचा ठराव आला, तर सभेत उभे राहून एवढेच विचारावे: ‘त्यांना विचारले का?’